लिनक्सेतर संगणकांवर कंटेनर-आधारित विकसन साधनांचा वापर : तालुकास्तरीय महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या संदर्भात

सारांश

सॉफ्टवेअर विकसनाच्या क्षेत्रात २०१३ नंतर कंटेनर-तंत्राचा प्रसार वेगाने झाला. हे तंत्र मूलतः लिनक्सच्या गाभ्यावर उभे आहे, तर महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील व विद्यार्थ्यांच्या घरचे बहुसंख्य संगणक विंडोजवर चालतात. विंडोज अथवा मॅक संगणकावर लिनक्सचा कंटेनर चालविणे म्हणजे त्या संगणकात प्रथम एक लिनक्स प्रणाली उभी करणे होय. ही एक गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे रॅम, फाइलींची गती, इंटरनेटचा भार व परवाना यांविषयीच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखात या तंत्राची घडण, त्याच्या मर्यादा आणि आमगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी ते राबविण्याचे व्यवहार्य मार्ग यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कंटेनर, डॉकर, आभासी यंत्र, डब्ल्यूएसएल, पॉडमन, मुक्त स्रोत, संगणक प्रयोगशाळा.

१. प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या अध्यापकांना एक प्रसंग नवा नाही. विद्यार्थी घरच्या संगणकावर आज्ञावली तयार करतो, ती तेथे बिनचूक चालते; परंतु प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेतील संगणकावर तीच आज्ञावली त्रुटी दाखविते. विद्यार्थ्याचे म्हणणे खरे असते आणि परीक्षकाच्या डोळ्यांसमोरील त्रुटीही खरी असते. दोष विद्यार्थ्याच्या तर्कात नसून दोन संगणकांवरील परिस्थितीच्या भिन्नतेत असतो. पायथन २ मध्ये लिहिलेली साधी मुद्रण-आज्ञा पायथन ३ मध्ये चालत नाही. मायएसक्यूएलच्या ८.० या आवृत्तीत (२०१८) परवलीचा शब्द पडताळण्याची मूलनिर्धारित पद्धत बदलली आणि पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांवर लिहिलेल्या अनेक आज्ञावलींची माहितीसंचाशी होणारी जोडणी त्यामुळे खुंटली. अशा वेळी विद्यार्थ्याचे गुण त्याच्या ज्ञानावर अवलंबून न राहता कोणत्या संगणकावर कोणती आवृत्ती बसविली आहे, यावर अवलंबून राहतात.

हा प्रश्न केवळ संगणकशास्त्रापुरता मर्यादित नाही. आर या भाषेत सांख्यिकीय विश्लेषण करणारा वाणिज्य अथवा समाजशास्त्राचा संशोधक, पायथनमध्ये आलेख काढणारा रसायनशास्त्राचा अध्यापक, कोहा ही मूळची लिनक्सवरील ग्रंथालय-प्रणाली वापरू इच्छिणारा ग्रंथपाल, या सर्वांना आपली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर जशीच्या तशी चालावी, अशी अपेक्षा असते. संशोधनाचा निष्कर्ष दुसऱ्याला पडताळून पाहता यावा, या विद्याशाखीय दंडकाशीही या अपेक्षेचा थेट संबंध आहे.

आमगाव हे गोंदिया जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस वसलेले. येथील पदवीधर पुढील शिक्षणासाठी व नोकरीसाठी गोंदिया, नागपूर, रायपूर अथवा पुण्याकडे वळतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील सॉफ्टवेअर कंपन्या असोत वा पुण्यातील, तेथे कंटेनर हा आज नित्याच्या कामाचा भाग झाला आहे. महानगरातील विद्यार्थी अशा साधनांशी सहज परिचित होतो. तालुक्याच्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला तो परिचय महाविद्यालयानेच करून द्यावा लागतो. त्यामुळे हा विषय सोयीचा नव्हे, तर समान संधीचाही आहे.

२. कंटेनर : संकल्पना व पूर्वपीठिका

प्रत्येक कार्यप्रणालीच्या केंद्रस्थानी कर्नल, म्हणजे गाभा, असतो. रॅमची वाटणी करणे, प्रक्रियकाचा वेळ निरनिराळ्या आज्ञावलींना देणे, डिस्क व नेटवर्क यांच्याशी बोलणे ही कामे गाभा करतो. आज्ञावली ही कामे स्वतः करीत नाही. ती गाभ्याला विनंती करते.

एका यंत्रावर अनेक कार्यप्रणाली चालविण्याचा जुना मार्ग म्हणजे आभासी यंत्र. त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा स्वतंत्र गाभा असतो, स्वतंत्र रॅम राखून ठेवावी लागते आणि यंत्र सुरू होण्यासही वेळ लागतो. कंटेनरची घडण निराळी आहे. त्यात आज्ञावली, तिला लागणारी ग्रंथालये व तिच्या आवृत्त्या एकत्र बांधलेल्या असतात. गाभा मात्र यजमान यंत्राचाच वापरला जातो. जुन्या वाड्याचा दृष्टान्त येथे समर्पक ठरेल. वाड्यात अनेक बिऱ्हाडे असतात. प्रत्येकाची चूल, दार व कुलूप वेगळे, परंतु पाया, विहीर व दिंडी दरवाजा सर्वांचा एकच. आभासी यंत्र हे स्वतःच्या विहिरीसह बांधलेले स्वतंत्र घर होय, तर कंटेनर हे वाड्यातील बिऱ्हाड होय. बिऱ्हाड थाटण्यास व हलविण्यास अल्प वेळ लागतो, कारण पाया नव्याने घालावा लागत नाही.

ही कल्पना एकाएकी जन्मास आलेली नाही. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आज्ञावलीला डिस्कचा ठरावीकच भाग दिसावा, अशी 'सीएचरूट' ही सोय आली. २००० मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीने 'जेल' ही अधिक बंदिस्त रचना दिली. लिनक्समध्ये २००२ पासून 'नेमस्पेस' या सोयी क्रमाक्रमाने आल्या. त्यांच्यामुळे एका आज्ञावलीला दुसरीच्या फाइली, प्रक्रिया व नेटवर्क दिसेनासे झाले. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये आरंभिलेले 'सीग्रुप'चे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत समाविष्ट झाले आणि कोणत्या आज्ञावलीने किती रॅम व प्रक्रियक वापरावा, यावर मर्यादा घालणे शक्य झाले. नेमस्पेस म्हणजे बिऱ्हाडांमधील भिंती आणि सीग्रुप म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे पाणी, असे थोडक्यात म्हणता येईल.

मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी डॉकरचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक दिले. डॉकरने गाभ्यात नवे काही निर्माण केले नाही. अस्तित्वात असलेल्या सोयी सामान्य विकसकाच्या हाती येतील, अशा रीतीने एकत्र गुंफल्या. कंटेनर ज्या साच्यावरून तयार होतो त्या साच्यास 'इमेज' म्हणतात आणि हा साचा कसा घडवावा, याची कृती 'डॉकरफाइल' नावाच्या साध्या मजकुरात लिहिलेली असते. एका इमेजवरून कितीही कंटेनर तयार करता येतात. एखादा बिघडला तर तो टाकून देऊन क्षणार्धात नवा उभा करता येतो. २०१५ मध्ये 'ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह'ची स्थापना होऊन इमेजचे व ती चालविण्याचे स्वरूप प्रमाणित करण्यात आले. परिणामी एका साधनाने घडविलेली इमेज दुसऱ्या साधनानेही चालविता येते. महाविद्यालयाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, आज निवडलेल्या एखाद्या कंपनीच्या साधनाला कायमचे बांधून घ्यावे लागत नाही.

३. विंडोज व मॅकवरील प्रश्न

वरील विवेचनावरून मुख्य अडचण उघड होते. कंटेनर यजमानाचा गाभा उसना घेतो. परंतु विंडोजचा गाभा लिनक्सचा नाही आणि मॅकचाही नाही. लिनक्ससाठी बांधलेली आज्ञावली ज्या विनंत्या करते, त्या त्यांना समजत नाहीत. विंडोजचे स्वतःचे कंटेनर विंडोज सर्व्हर २०१६ पासून अस्तित्वात आहेत. तथापि त्यांत विंडोजच्याच आज्ञावली चालतात आणि शिक्षणक्षेत्रात लागणाऱ्या बहुतेक इमेजा लिनक्सच्या असतात. म्हणून लिनक्सेतर संगणकावर कंटेनर चालविणाऱ्या प्रत्येक साधनाला पडद्याआड एक लिनक्स गाभा उभा करावाच लागतो. बिऱ्हाड थाटण्यापूर्वी दुसऱ्याच्या आवारात एक लहान वाडा बांधावा लागतो, असा हा प्रकार आहे.

या प्रयत्नांचा क्रम पाहण्याजोगा आहे. २०१५ मध्ये आलेले 'डॉकर टूलबॉक्स' व्हर्च्युअलबॉक्सच्या साह्याने एक छोटे लिनक्स यंत्र उभे करीत असे. ते आता वापरातून गेले आहे. २०१६ मध्ये विंडोज व मॅकसाठी डॉकरची स्वतंत्र आवृत्ती आली व तिने कार्यप्रणालीतीलच आभासीकरणाचा आधार घेतला. विंडोजवर त्यासाठी हायपर-व्ही लागत असे आणि ते विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नसल्याने घरगुती संगणक वापरणारा विद्यार्थी वंचित राहत असे.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज सबसिस्टीम फॉर लिनक्स', म्हणजे डब्ल्यूएसएल, ही सोय दिली. तिच्या पहिल्या आवृत्तीत लिनक्सचा गाभा नव्हता. लिनक्सच्या विनंत्यांचे विंडोजच्या भाषेत रूपांतर केले जाई. साध्या आज्ञा त्यात चालत, परंतु डॉकरचे इंजिन चालत नसे, कारण नेमस्पेस व सीग्रुप यांसारख्या गाभ्यातील सोयींचे रूपांतर पुरेसे होत नव्हते. कंटेनर हा गाभ्याशी किती घट्ट बांधलेला आहे, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. २०१९ मध्ये घोषित होऊन २०२० मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने रूपांतराचा मार्ग सोडला आणि एका हलक्या आभासी यंत्रात प्रत्यक्ष लिनक्सचा गाभाच चालविण्यास सुरुवात केली. ही सोय होम आवृत्तीतही उपलब्ध असल्याने घरच्या संगणकाची अडचण दूर झाली.

मॅकची स्थिती तत्त्वतः अशीच आहे. तेथेही डॉकर डेस्कटॉप, कोलिमा, पॉडमन आदी साधने पडद्याआड लिनक्सचे आभासी यंत्र चालवितात. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःचे एआरएम धाटणीचे प्रक्रियक आणल्यानंतर आणखी एक भेद उत्पन्न झाला. इंटेल धाटणीच्या प्रक्रियकासाठी घडविलेली इमेज तेथे थेट चालत नाही. तिचे भाषांतर करावे लागते व त्यात गती घटते. जून २०२५ मध्ये ॲपलने कंटेनरसाठी स्वतःचे मुक्तस्रोत साधन जाहीर केले. त्यात तर प्रत्येक कंटेनरला स्वतंत्र लहानसे लिनक्स यंत्र दिले जाते. साधने बदलली, तरी लिनक्सच्या गाभ्याची गरज टळलेली नाही.

४. व्यवहारातील अडचणी व त्यांची कारणे

उपरोक्त तत्त्व ध्यानी ठेवल्यास प्रयोगशाळेत येणाऱ्या अडचणींची कारणे शोधणे सोपे जाते. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) आभासीकरणाची सोय बंद असणे. अनेक संगणकांत प्रक्रियकाची ही क्षमता असूनही ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. साधन बसविताना येणारी पहिली त्रुटी बहुधा याच कारणाने येते. नवे सॉफ्टवेअर पुनःपुन्हा बसविण्याऐवजी प्रथम बायोसमधील ही नोंद तपासणे श्रेयस्कर.

(आ) रॅमची वाटणी. डब्ल्यूएसएलमधील लिनक्स मूलनिर्धारित स्थितीत संगणकाच्या एकूण रॅमच्या साधारणतः निम्म्या भागापर्यंत वाढू शकते. ४ जीबी रॅमच्या संगणकावर याचा अर्थ लिनक्सला सुमारे २ जीबी व उरलेल्या २ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि संपादक. अशा यंत्रावर कंटेनर सुरू होतो. परंतु संगणक रांगू लागतो आणि विद्यार्थ्याचा समज मात्र 'डॉकर संथ आहे' असा होतो. 'डब्ल्यूएसएल-कॉन्फिग' या फाइलीत रॅमची मर्यादा निश्चित करता येते. तरीही अशा कामासाठी ८ जीबी ही व्यवहार्य किमान आणि १६ जीबी ही सुखावह मर्यादा समजणे योग्य.

(इ) फाइलींची गती. विंडोजच्या 'सी' ड्राइव्हवरील फाइल लिनक्समधून वाचताना प्रत्येक वेळी दोन प्रणालींमधील सीमा ओलांडावी लागते. हजारो लहान फाइली असलेल्या प्रकल्पात हा विलंब साचत जातो. शिवाय विंडोजच्या बाजूला फाइल बदलली, तर त्या बदलाची वर्दी लिनक्समधील आज्ञावलीला पोहोचेलच असे नाही; त्यामुळे आज्ञावलीत दुरुस्ती करूनही पडद्यावर जुनेच रूप दिसत राहते. उपाय साधा आहे : प्रकल्पाच्या फाइली लिनक्सच्याच फाइल-व्यवस्थेत ठेवाव्यात आणि विंडोजमधील संपादकातून त्या उघडाव्यात.

(ई) ओळ संपविण्याची चिन्हे. विंडोजमध्ये मजकुराची ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते, लिनक्समध्ये एकाच. नोटपॅडमध्ये लिहिलेली आज्ञा-फाइल कंटेनरमध्ये चालविताना 'फाइल सापडत नाही' अशी त्रुटी येते. फाइल तर समोर दिसत असते. येथे विद्यार्थी तासन्‌तास अडकून पडतो. संपादकात लिनक्स पद्धतीची ओळ निवडणे व गिटच्या व्यवस्थेत तशी नोंद करणे, हा यावरील उपाय होय. तद्वतच लहान व मोठ्या इंग्रजी अक्षरांतील भेद विंडोज सामान्यतः मानीत नाही, लिनक्स मानते, हेही सांगून ठेवावे.

(उ) डिस्कवरील जागा. डब्ल्यूएसएल आपल्या फाइली एका आभासी डिस्कमध्ये ठेवते. ही डिस्क वाढत जाते. आतील इमेजा काढून टाकल्या तरी तिने व्यापलेली जागा आपोआप परत मिळतेच असे नाही. सत्राच्या अखेरीस नको असलेल्या इमेजा काढणे व डिस्क आकुंचित करणे हे प्रयोगशाळा-साहाय्यकाच्या कामांच्या यादीत असावे.

५. इंटरनेट व परवाना : संस्थेचा प्रश्न

आतापर्यंतच्या अडचणी एकेका संगणकाच्या आहेत. यापुढील दोन मात्र संपूर्ण संस्थेच्या आहेत.

पहिला प्रश्न इंटरनेटचा. समजा, प्रयोगशाळेत ३० संगणक आहेत आणि एका तासिकेत प्रत्येकावर ५०० एमबीची एक इमेज उतरवून घ्यावयाची आहे. एकूण भार १५ जीबी होतो. सेकंदाला १० मेगाबिट गतीच्या जोडणीवर, ती पूर्ण वेळ पूर्ण गतीने चालली तरी, यास सुमारे ३ तास २० मिनिटे लागतील. तासिका तोवर केव्हाच संपलेली असेल. यात आणखी एक मर्यादा आहे. डॉकर हब या सार्वजनिक भांडारावर नोव्हेंबर २०२० मध्ये उतरवून घेण्याच्या संख्येवर बंधन आले. नोंदणी न करता येणाऱ्यास एका इंटरनेट पत्त्यावरून ६ तासांत १०० वेळा, अशी ती मर्यादा होती. महाविद्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. ३० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ४ इमेजा मागितल्या, तर १२० मागण्या होतात. म्हणजे वर्गातील शेवटच्या काही विद्यार्थ्यांना कोणताही दोष नसताना नकार मिळतो.

यावर दोन उपाय आहेत. आवश्यक इमेज एकदाच उतरवून 'डॉकर सेव्ह' या आज्ञेने तिची फाइल तयार करावी आणि पेनड्राइव्हवरून अथवा स्थानिक नेटवर्कवरून प्रत्येक संगणकावर 'डॉकर लोड' या आज्ञेने चढवावी. दुसरा उपाय अधिक टिकाऊ आहे : महाविद्यालयातच इमेजांचे एक स्थानिक भांडार उभारावे. 'रजिस्ट्री' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर त्यासाठी उपलब्ध आहे. ते स्वतःही कंटेनर म्हणूनच चालते. एकदा आणलेली इमेज ते साठवून ठेवते व नंतरच्या मागण्या संस्थेच्या आवारातच पुऱ्या करते. इमेजांची निवडही विचारपूर्वक करावी. पायथनची पूर्ण इमेज उलगडल्यावर सुमारे १ जीबी जागा व्यापते, तर अल्पाइन लिनक्सची मूळ इमेज १० एमबीपेक्षाही लहान असते.

दुसरा प्रश्न परवान्याचा. डॉकरचे इंजिन अपाची परवान्याखाली मुक्त आहे. परंतु विंडोज व मॅकसाठीचे 'डॉकर डेस्कटॉप' हे वेगळे उत्पादन आहे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच्या अटी बदलून मोठ्या व्यावसायिक संस्थांसाठी ते सशुल्क करण्यात आले; वैयक्तिक व शैक्षणिक वापर निःशुल्क राहिला. अध्ययन-अध्यापनासाठीची ही सवलत कार्यालयीन कामकाजालाही लागू आहे, असे परस्पर गृहीत धरू नये. त्यासाठी प्रचलित अटी वाचूनच निर्णय घ्यावा. हा प्रश्नच टाळावयाचा असेल, तर डब्ल्यूएसएलमधील लिनक्समध्ये थेट डॉकरचे इंजिन बसविता येते, अथवा पॉडमन डेस्कटॉप व रँचर डेस्कटॉप ही मुक्तस्रोत साधने वापरता येतात. पॉडमनचा आणखी एक लाभ असा की, ते प्रशासकीय अधिकारांविना चालते. डॉकरच्या गटात समाविष्ट केलेल्या वापरकर्त्यास त्या लिनक्स यंत्रावर जवळजवळ पूर्ण अधिकार मिळतात, ही बाब सामाईक प्रयोगशाळेत दुर्लक्षिण्यासारखी नाही.

६. तालुकास्तरीय प्रयोगशाळेसाठी व्यवहार्य मार्ग

वरील सर्व बाबींचा विचार करता, प्रत्येक संगणकावर डॉकर डेस्कटॉप बसविणे हा सर्वाधिक परिचित असला, तरी प्रत्येक ठिकाणी सर्वाधिक योग्य मार्ग ठरत नाही. उपलब्ध यंत्रांनुसार तीन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग : जुन्या संगणकांवर थेट लिनक्स. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा समाप्त झाला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० सह काही अटी आहेत व अनेक जुने संगणक त्या पूर्ण करीत नाहीत. असे संगणक निकामी ठरविण्यापूर्वी त्यांवर उबुंटू, डेबियन अथवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स बसविण्याचा विचार अवश्य व्हावा. येथे आभासी यंत्राची गरजच उरत नाही. कंटेनर यजमानाचाच गाभा वापरतो. जे यंत्र विंडोजखाली कंटेनरसाठी अपुरे पडते, तेच लिनक्सखाली लहान कामांसाठी पुरे पडू शकते.

दुसरा मार्ग : एक सामाईक लिनक्स यंत्र. प्रयोगशाळेतील एकाच सक्षम संगणकावर लिनक्स ठेवून सर्व कंटेनर तेथे चालवावेत आणि इतर संगणकांनी, मग ते विंडोजचे असोत वा अन्य, केवळ ब्राउझरद्वारे त्याच्याशी जोडून घ्यावे. 'ज्युपिटरहब' या मुक्तस्रोत प्रणालीत 'डॉकरस्पॉनर' जोडल्यास प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेश करताच स्वतंत्र कंटेनर मिळतो व त्याच्या रॅमवर मर्यादा घालता येते. प्रत्येकास ५१२ एमबी दिल्यास ३० विद्यार्थ्यांना १५ जीबी लागते. म्हणजे ३२ जीबी रॅमचे एक यंत्र संपूर्ण तुकडी सांभाळू शकते. हे सर्व स्थानिक नेटवर्कवर चालत असल्याने बाहेरील इंटरनेट खंडित झाले, तरी तासिका चालू राहते. या मार्गाचा दोषही स्पष्ट आहे : ते एक यंत्र बंद पडले, तर सारी प्रयोगशाळा थांबते. म्हणून त्यास यूपीएसचा आधार, नियमित प्रतिसाठा आणि त्याच इमेजा चढविलेले एक पर्यायी यंत्र असणे अगत्याचे आहे.

तिसरा मार्ग : ८ जीबी अथवा अधिक रॅमच्या विंडोज संगणकांवर डब्ल्यूएसएलची दुसरी आवृत्ती. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लॅपटॉपसाठी हाच मार्ग सोयीचा. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकात २०१९ पासून 'डेव्ह कंटेनर' ही सोय आहे. प्रकल्पासोबत ठेवलेल्या एका छोट्या फाइलीत कोणती इमेज, कोणती आवृत्ती व कोणती साधने हवीत, याची नोंद असते. संपादक ती वाचून तसा कंटेनर उभा करतो. अध्यापकाने सत्रारंभी ही फाइल दिली म्हणजे घरचा लॅपटॉप, प्रयोगशाळेतील संगणक व परीक्षकाचे यंत्र या तिन्ही ठिकाणी आवृत्त्या समान राहतात. यासाठी इमेजचे नाव लिहिताना 'नवीनतम' असा मोघम उल्लेख टाळून आवृत्तीचा क्रमांक स्पष्ट नोंदविला पाहिजे. एरवी जूनमध्ये उतरवून घेतलेली आणि मार्चमध्ये उतरवून घेतलेली इमेज नावाने एक व गुणाने भिन्न असू शकते.

मूल्यमापनाच्या बाबतीतही या तंत्राचा उपयोग महाराष्ट्रात झालेला आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विकसित झालेली 'यक्ष' ही मुक्तस्रोत परीक्षा-प्रणाली विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवून तपासण्याची सोय देते. विद्यार्थ्याची आज्ञावली चुकीची अथवा अनंत काळ फिरत राहणारी असली, तरी तिची बाधा मूळ यंत्रास पोहोचू नये, हा त्यामागील हेतू. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या प्राथमिक ओळखीचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. लिनक्सच्या आज्ञांचे भय वाटणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी तो उत्तम आरंभ ठरेल.

७. मर्यादा

कंटेनर हा सर्व व्याधींवरील उपाय नव्हे. ज्या वर्गात केवळ सी भाषेतील प्राथमिक आज्ञावली शिकवावयाच्या आहेत, तेथे कंटेनरचा परिचय लवकर करून दिल्यास विद्यार्थ्यावर दुहेरी ओझे पडते; भाषा आणि साधन या दोहोंतील चूक कोणती, हे त्यास उमगत नाही. चित्रमय पडदे असलेली विंडोजची सॉफ्टवेअरे, टॅलीसारखी लेखा-प्रणाली अथवा विशिष्ट उपकरणास जोडलेले विंडोजवरील सॉफ्टवेअर यांसाठी लिनक्स कंटेनर उपयोगी नाही. कंटेनरच्या भिंती आभासी यंत्राच्या भिंतींइतक्या भक्कम नसतात, कारण गाभा सामाईक असतो. म्हणून अनोळखी व्यक्तीने प्रसिद्ध केलेली इमेज डोळे झाकून चालवू नये. आणखी एक दक्षता आवश्यक आहे : कंटेनर टाकून दिला की त्यात साठविलेली माहितीही जाते. विद्यार्थ्यांचे काम 'व्हॉल्यूम' या कंटेनरबाह्य साठ्यात ठेवण्याची शिस्त पहिल्याच तासिकेत लावली नाही, तर सत्रभराचे काम एका आज्ञेने नाहीसे होऊ शकते.

८. निष्कर्ष

१. कंटेनर हे स्वयंपूर्ण यंत्र नसून यजमान लिनक्स गाभ्याचा वाटेकरी आहे. विंडोज व मॅकवर तो चालतो, तो पडद्याआडच्या लिनक्समुळे. गती, रॅम व फाइली यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या रचनेत आहे.

२. साधनाची निवड नावावरून न करता प्रयोगशाळेतील रॅम, इंटरनेटची गती व परवान्याच्या अटी पाहून करावी. प्रमाणित इमेजांमुळे पुढे साधन बदलणे शक्य राहते.

३. जुने संगणक व मर्यादित इंटरनेट असलेल्या महाविद्यालयात एक सामाईक लिनक्स यंत्र आणि इमेजांचे स्थानिक भांडार ही जोडी प्रत्येक संगणकावर स्वतंत्र साधन बसविण्यापेक्षा अधिक हितावह ठरते.

४. आवृत्तीचा क्रमांक नोंदविलेली समान परिस्थिती सर्व विद्यार्थ्यांना उपलब्ध करून देणे हा प्रात्यक्षिक परीक्षेतील न्यायाचा भाग आहे. अध्यापन-मंडळाने सत्रारंभी अशी इमेज निश्चित करून ती परीक्षेपर्यंत न बदलण्याचा दंडक घालून घ्यावा.

तंत्रज्ञान खर्चिक असल्यामुळेच ते ग्रामीण महाविद्यालयापर्यंत पोहोचत नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत विषयात मात्र आवश्यक सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि जुनी यंत्रेही उपयोगात आणता येतात. उणीव असलीच, तर ती या साधनांची घडण समजून घेऊन नियोजन करण्याची आहे. ते काम आमगाव येथील प्रयोगशाळेतही तितक्याच समर्थपणे होऊ शकते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याची आज्ञावली घरी चालली तशीच परीक्षकासमोर चालली, म्हणजे या नियोजनाचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.